सँडपेपर आधी खाली ठेवा

जुनं लढाऊ विमान दुरुस्त करायला घेताना ते उडवायचं की संग्रहालयात ठेवायचं, हे पहिला रिव्हेट (पत्रे जोडणारी खिळी) काढण्याआधी ठरवा. उडवायचं म्हटलं की बरंच मूळ सामान बदलावं लागतं. जुना रंग चकचकीत करायला घासू नका, त्याच्या थरांखाली कधीकधी स्क्वॉड्रनची, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीची, अक्षरं सापडतात. शिवाय हिरवट-पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर विषारी असतो, त्याची धूळ छातीत जाता कामा नये.

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या अंधारात चमकणाऱ्या डायलवर बहुधा रेडियम असतं. चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. काच उघडूच नका, अगदी ‘जरा पुसून घेतो’ म्हणूनसुद्धा.

गंज शोधायचा तर अ‍ॅल्युमिनियमला स्टीलचा बोल्ट जिथे भिडतो तिथे आधी बघा. ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियमच खाल्लं जातं.