उठताना येणारी अंधारी आणि तव्याचा चटका

प्रश्न : वय ६४. रात्री लघवीला उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते, भिंत धरावी लागते. बीपीची गोळी चालू आहे, पण दवाखान्यात दाब १३०/८० च्या आसपासच भरतो. मग हा अशक्तपणा समजायचा का? (मिरज)

उत्तर : अशक्तपणा समजून टॉनिक सुरू करू नका. दवाखान्यात दाब बसवून मोजतात. तुमची तक्रार उभं राहतानाची आहे, तेव्हा मोजायलाही हवं उभं राहूनच.

आडव्याचं उभं झालं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटातल्या शिरांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, दाब खाली येतो. त्याची पहिली खबर लागते मानेत. जबड्याच्या कोनाखाली जिथे ठोके लागतात, तिथल्या धमनीच्या भिंतीत ताण ओळखणारी चेताग्रं (नसांची टोकं) असतात. महाधमनीच्या कमानीतही असतात. (ही जागा दाबून बघू नका, दोन्ही बाजूंनी तर मुळीच नाही, नुसत्या दाबानेही घेरी येऊ शकते.) भिंत सैल पडली की त्यांचे संदेश विरळ होतात, आणि लंबमज्जा (मेंदूचा मणक्याकडचा तळभाग) कामाला लागते. हृदयाचा वेग आवरून धरणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेचा लगाम ढिला होऊन नाडी मिनिटाला १०-१५ ठोक्यांनी वाढते. दुसरीकडे अनुकंपी तंतू (शरीराला आपोआप सज्ज करणाऱ्या नसांचे धागे) रक्तवाहिन्या आवळतात. नाडी दोन-तीन ठोक्यांतच वाढू लागते, वाहिन्या आवळायला मात्र आणखी काही सेकंद जातात. अंधारी येते ती या मधल्या वेळात.

वयाबरोबर ही यंत्रणा मंदावते. त्यात गोळ्यांची भर पडते: बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, आणि प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅमसुलोसिन, जी वाहिन्या आवळण्याच्याच आड येते. जुन्या मधुमेहात तर हे तंतूच झिजतात. तेव्हा दाब उतरतो, पण नाडी जागची हलत नाही. म्हणून दाबाबरोबर नाडीचा आकडाही लिहून ठेवा.

मोजायचं असं : ५ मिनिटं आडवं पडून दाब घ्या. दंडावरचा पट्टा तसाच ठेवून उभे राहा आणि १ व ३ मिनिटांनी पुन्हा घ्या. हात छातीच्या पातळीवर टेकवलेला हवा. खाली लोंबता राहिला तर आकडा खोटाच जास्त येतो आणि उतार लपतो. घरातलं कुणीतरी जवळ असू द्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळीची वेळ किंवा मात्रा त्यांनाच ठरवू द्या. मनाने गोळी बंद केलीत तर दाब उसळी घेईल.

आज रात्रीपासून एवढं करा. उठण्याआधी अंथरुणातच पावलं घोट्यातून १५-२० वेळा वर-खाली करा, पोटऱ्या रक्त वर ढकलतात. मग पाय खाली सोडून मिनिटभर बसा आणि त्यानंतरच उभे राहा. लघवी बसून करा. रात्री अंथरुणापासून संडासापर्यंतच्या याच चार पावलांत पडून खुब्याचं हाड मोडू शकतं.

प्रश्न : तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो, कळ नंतर येते. पण चहाचा गरम कप मात्र चटका सोसत टेबलापर्यंत नेता येतो. असं कसं? (पणजी)

उत्तर : तव्यावरून हात काढायचा निर्णय मानेतल्या मज्जारज्जूतच होतो. चटक्याचा संदेश पातळ आवरणाच्या तंतूंतून सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने तिथे पोचतो. तिथल्या तिथे दंडाच्या पुढच्या स्नायूला आवळण्याचा आणि मागच्याला सैल पडण्याचा हुकूम सुटतो. धगधगणारी कळ आणणाऱ्या तंतूंना आवरणच नसतं. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. बोटापासून मणक्यापर्यंत पाऊण-एक मीटर अंतर धरलं, तर ती कळ सेकंदभर मागे राहणारच. नीट लक्ष दिलंत तर दोन वेदना वेगळ्या ओळखू येतील: आधी टोचल्यासारखी, मग जळजळ.

कप गरम आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. मेंदूतून खाली येणारे तंतू ती मज्जारज्जूतली क्रिया दाबून धरतात. तवा बेसावध गाठतो, तेव्हा दाबायला कुणी नसतं.

हात मागे आला तरी उष्णता त्वचेच्या आतल्या थरांत उरलेली असते. अंगठी-बांगड्या लगेच काढा आणि नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं हात धरा. बर्फ नको, त्याने वाहिन्या आवळून भाजलेल्या भागाचं रक्तच तुटतं. टूथपेस्टही नको. आणि घरात कुणा मधुमेह्याच्या पायाला तापलेल्या फरशीने फोड आला पण चटका कळलाच नाही, असं झालं असेल, तर फोड बरा व्हायची वाट न बघता त्याच आठवड्यात पायाची संवेदना तपासून घ्या. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून ती काही मिनिटांत तपासता येते.