जेरुसलेम नेमकं कोणाचं? त्याला इस्रायलची राजधानी म्हणणं बरोबर की चूक?

ताबा इस्रायलचा आहे, त्यात वाद नाही. संसद, सर्वोच्च न्यायालय, पंतप्रधानांचं कार्यालय सगळं तिथंच, शहराच्या पश्चिम भागात. वाद मालकीचा आहे. वहिवाट एकाची आणि सातबारा कोणाच्याच नावावर नाही, अशी जमीन डोळ्यांपुढे आणा.

१९४७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या फाळणी ठरावात (क्रमांक १८१) हे शहर कोणालाच न देता आंतरराष्ट्रीय कारभाराखाली ठेवायचं होतं. ते झालंच नाही. १९४८ च्या युद्धात पश्चिम भाग इस्रायलकडे गेला आणि जुन्या शहरासह पूर्व भाग जॉर्डनकडे. जॉर्डनच्या त्या ताब्याला फार थोड्या देशांची मान्यता होती, हा मुद्दा इस्रायल आजही मांडतो. जून १९६७ मध्ये इस्रायलने पूर्व भाग जिंकला आणि लगेच पालिकेची हद्द वाढवली. जॉर्डनच्या काळातलं पूर्वेचं शहर जेमतेम साडेसहा चौरस किलोमीटर होतं, नव्याने जोडलेला भाग आजूबाजूच्या गावांसकट सुमारे ७० चौरस किलोमीटर. म्हणजे आज ज्याला ‘पूर्व जेरुसलेम’ म्हणतात त्यातला बराचसा भाग १९६७ पूर्वी शहरात नव्हताच. वादावादीत ही गोष्ट हमखास निसटते.

१९८० मध्ये इस्रायलने ‘अखंड राजधानी’चा मूलभूत कायदा केला. सुरक्षा परिषदेने ठराव ४७८ करून तो अवैध ठरवला. अमेरिका तटस्थ राहिली, उरलेली चौदाही मतं ठरावाच्या बाजूने पडली. बहुतेक देशांच्या वकिलाती तेल अवीवला आहेत त्या या मालकीच्या वादामुळेच. भारताचीही तिथेच आहे. अमेरिकेने २०१८ मध्ये आपली हलवली, मागून ग्वाटेमालासारखे मोजके देश गेले. तेव्हा राजधानी म्हणा, पण ‘इस्रायलच्या कायद्यानुसार’ हे दोन शब्द आधी जोडा.

पूर्व भागातल्या बहुतेक पॅलेस्टिनींकडे नागरिकत्व नाही, कायम रहिवासाचं ओळखपत्र आहे. पालिकेला मत देता येतं, संसदेला नाही. काही वर्षं बाहेर राहून परतलेल्याला आपलं ‘जीवनाचं केंद्र’ शहरातच असल्याचं घरपट्टी, वीजबिलं, मुलांच्या शाळेचे दाखले दाखवून सिद्ध करावं लागतं. नाही जमलं तर रहिवास रद्द होऊ शकतो.

धर्मस्थळांचा कारभार मात्र ‘जैसे थे’ या एका तत्त्वावर चालतो, आणि माझ्या मते खरं जेरुसलेम तिथंच कळतं. येशूची कबर जिथे मानली जाते ते होली सेपल्कर चर्च सहा ख्रिस्ती पंथांत वाटलेलं आहे. किल्ली एका मुसलमान घराण्याकडे, कुलूप उघडायचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे. जो दुरुस्ती करतो त्याचा हक्क शाबीत होतो, म्हणून सगळ्यांच्या संमतीशिवाय कोणी कोणाला दुरुस्ती करू देत नाही. दर्शनी खिडकीखालची एक साधी लाकडी शिडी अठराव्या शतकापासून जवळजवळ जागची हललेली नाही ती याचमुळे. २००२ मध्ये छतावर बसलेल्या एका कॉप्टिक (इजिप्तच्या ख्रिस्ती पंथाच्या) साधूने उन्हातली खुर्ची सावलीत सरकवली. इथिओपियन साधूंना ते अतिक्रमण वाटलं, मारामारी जुंपली आणि अकरा जण जखमी झाले.

याहून नाजूक जागा म्हणजे अल-अक्सा मशिदीचं आवार. ज्यू त्यालाच टेम्पल माउंट म्हणतात. आतला कारभार जॉर्डनशी बांधलेल्या वक्फचा, बाहेरचा बंदोबस्त इस्रायली पोलिसांचा. जॉर्डनची ही भूमिका १९९४ च्या शांतता करारातही लिहिलेली आहे. मुसलमानेतरांना एकाच दाराने, मुघराबी दरवाज्याने, ठरलेल्या वेळेतच जाता येतं. शुक्रवारी आणि शनिवारी तेही बंद. त्यांनी आत प्रार्थना करायची नाही, असा १९६७ पासूनचा संकेत. इस्रायलच्या मुख्य रब्बींचा (ज्यू धर्मगुरूंचा) फलक तर ज्यूंना आत जाऊच नका म्हणतो, कारण तिथे पूर्वी असलेल्या ज्यूंच्या प्राचीन मंदिराच्या पवित्र जागेवर नकळत पाय पडेल. अलीकडे ज्यूंच्या प्रार्थनेकडे पोलीस काणाडोळा करतात. सरकार मात्र ‘जैसे थे कायम आहे’ हेच पालुपद लावतं.

जुलै २०१७ मध्ये या आवाराच्या दारात दोन पोलीस मारले गेले, म्हणून प्रवेशद्वारांवर मेटल डिटेक्टर बसवले. आपल्याकडे कुठल्याही मॉलच्या दारात असतात तसलेच. मुसलमानांनी त्यातून जायला नकार दिला आणि बाहेर रस्त्यावरच नमाज सुरू केला. आक्षेप यंत्राला नव्हता. दारावर काय लागेल हे इस्रायल एकट्याने ठरवतो, याला होता. दहा दिवसांच्या आत यंत्रं उतरवावी लागली.