लॅपटॉपचं टचपॅड अचानक बंद पडलं, काय करावं?

माउस लावला की बाण हलतो, टचपॅडवर बोट फिरवलं की हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे बहुतेक ते बिघडलेलं नाही, चुकून बंद झालंय. एफ १ ते एफ १२ च्या ओळीत टचपॅडचं चित्र असलेलं बटण असेल, तर कीबोर्डवरचं एफएन (Fn) लिहिलेलं बटण धरून ते दाबा. विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, टचपॅड इथंही बघा. माउस जोडल्यावर टचपॅड चालू ठेवायचा पर्याय तिथंच असतो. तरी जमलं नाही तर डिव्हाइस मॅनेजरमधून (विंडोजमधली लॅपटॉपच्या भागांची यादी) टचपॅड अनइन्स्टॉल करून रिस्टार्ट करा, ड्रायव्हर म्हणजे टचपॅड चालवणारं सॉफ्टवेअर परत बसतं.

पण त्याआधी एक बघाच. टचपॅडची कड वर आलीय का? क्लिक घट्ट लागतंय? लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो? मग आतली बॅटरी फुगलेली असू शकते. आपल्याकडं मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या वर जातो, त्यात पत्र्याच्या खोलीत गादीवर ठेवून चार्जिंग! माझ्या भावाच्या लॅपटॉपला टचपॅडच्या कडेनं नखभर फट पडली होती. तसं दिसलं तर लगेच चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका. बॅटरी बदलूनच घ्या.