दातांचे प्रश्न : निळ्या दिव्याखालचे सिमेंट

विनियर (दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा पातळ पापुद्रा) आणि कॅप (दातावर घालायची टोपी) यांविषयी या सदरात लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांत, ती ज्याने चिकटवतात त्या सिमेंटविषयीची पत्रे अधिक निघाली. त्यांतील चार निवडली आहेत.

प्रश्न : माझ्या वरच्या समोरच्या दातावर दीड वर्षापूर्वी सिरॅमिकचे विनियर बसवले होते. डॉक्टरांनी निळा दिवा धरला, टोकदार अवजाराने कडेचे सिमेंट टोकरून पाहिले आणि ‘दगडासारखे झाले आहे, आता काळजी नको’ असे सांगितले. मागच्या आठवड्यात पेरूची फोड चावताना विनियर अख्खे निघून हातात आले. सिमेंट इतके कडक होते, तर ते सुटले कसे? – निवृत्त शिक्षिका, कोथरूड

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी टोकरून पाहिला तो सिमेंटचा कडकपणा, आणि तोही कडेचा, जिथे प्रकाश सरळ पडतो. विनियर दाताला धरून ठेवते ती सिमेंटची पकड, आणि तिचा हिशेब निराळा असतो. जुन्या वाड्यात राहिलेल्यांना हे चटकन उमजेल. भिंतीचा गिलावा नखाने खरवडता येत नाही इतका टणक असतो, तरी बोटाने वाजवले की पोकळ आवाज येतो आणि एखाद्या पावसाळ्यात त्याचा हातभर पोपडा खाली येतो. गिलाव्यात दोष नसतो. विटेवरची धूळ झाडलेली नसते, किंवा वीट पुरेशी भिजवलेली नसते.

सिमेंट हे नावही इथे थोडे फसवे आहे. त्यात मेथॅक्रिलेट जातीचे पातळ रेझिन आणि काचेची किंवा सिलिकाची अतिसूक्ष्म भुकटी असते. बहुतेक सिमेंटांत कॅम्फरक्विनोन नावाचे एक पिवळे द्रव्य अगदी थोड्या प्रमाणात मिसळलेले असते. ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश ते शोषून घेते, सोबतच्या अमाइनच्या मदतीने मुक्त मूलके, म्हणजे चटकन जुळू पाहणारे क्रियाशील रेणू, तयार करते, आणि मग रेझिनचे सुटे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन घट्ट जाळे बनते. या रेणूंतले सगळेच दुहेरी बंध जुळत नाहीत. साधारण निम्म्यापासून पाऊण हिश्शापर्यंत जुळतात. जितके अधिक जुळतील तितका कडकपणा वाढतो, म्हणून कडकपणा ही सिमेंट किती शिजले याची बरी खूण आहे. मात्र ती खूण सिमेंटच्या पोटातली झाली. त्याचे एक तोंड दाताकडे आणि दुसरे सिरॅमिककडे असते, आणि तिथे काय घडले हे ती सांगत नाही.

दाताकडच्या तोंडाची गोष्ट १९५५ साली सुरू होते. त्या वर्षी अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्ल लावलेल्या इनॅमलला, म्हणजे दाताच्या बाहेरच्या टणक थराला, रेझिन अधिक चांगले धरते, हे दाखवून दिले. आज साधारण ३७ टक्क्यांचे आम्ल काही सेकंद लावून धुतात. वाळल्यावर दाताचा तो भाग खडूसारखा पांढरा दिसतो. त्यावर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडलेले असतात. रेझिन त्यांत उतरते आणि तिथेच घट्ट होते. इनॅमलखालच्या डेंटिनचा स्वभाव वेगळा. ते आतून ओलसर असते, त्यात कोलॅजेनच्या तंतूंचे जाळे असते आणि आम्लाने उघडे पडलेले ते जाळे हवेच्या झोताने फार सुकवले तर चपटे होऊन बसते, मग रेझिनला आत शिरायला वाट उरत नाही. म्हणून विनियरसाठी दात तासताना इनॅमल जितके राखता येईल तितके चांगले. सिरॅमिकच्या आतल्या बाजूला आधी हायड्रोफ्लुओरिक आम्ल आणि नंतर सायलेन हे सिरॅमिक आणि रेझिन यांना जोडणारे द्रव्य लावावे लागते. यांपैकी कोणत्याही पायरीनंतर लाळेचा किंवा हिरडीतून आलेल्या रक्ताचा थेंब लागला आणि तो नीट साफ झाला नाही, तर वर कितीही कडक सिमेंट असो, पकड कच्चीच राहते.

आता आपल्या हातात आलेल्या विनियरकडे वळू. ते ब्रशने घासू नये, पुन्हा दातावर बसवून पाहू नये, आणि घरातल्या कोणत्याही चिकट द्रव्याने चिकटवण्याचा मोह तर मुळीच धरू नये. स्वच्छ डबीत ठेवून डॉक्टरांकडे न्यावे. खिडकीशी उभे राहून भिंगाने त्याची आतली बाजू मात्र जरूर पाहावी. आतून ते लखलखीत स्वच्छ असेल आणि सिमेंट सगळे दातावर राहिले असेल, तर सिरॅमिकची तयारी कमी पडली असावी. सिमेंटचा थर विनियरला चिकटून आला असेल आणि दात नागडा दिसत असेल, तर संशय दाताकडच्या बाजूवर जातो. थोडे इकडे, थोडे तिकडे असेल, तर सिमेंट मधूनच फाटले. अशा वेळी ते आत नीट शिजले होते का, हा प्रश्न विचारावा लागतो. या तपासणीने डॉक्टरांना दोष द्यावा असे मी सुचवत नाही. रात्री दात खाण्याची सवय असेल तर उत्तम बसवलेले विनियरही सुटते. पण पुन्हा बसवताना कुठे लक्ष द्यायचे ते यातून कळते.

प्रश्न : प्रकल्पासाठी वाचन करताना एकाच सिमेंटची पकड एका ठिकाणी १५ आणि दुसरीकडे ४० मेगापास्कल अशी दिलेली आढळली. कोणता आकडा धरावा? शिवाय, सिमेंटचा नमुना खोलवर घट्ट झाला का हे ठरवणाऱ्या ‘तळाचा कडकपणा माथ्याच्या ८० टक्के’ या निकषावर कितपत विसंबावे? – बी.डी.एस.ची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन; म्हणजे २० मेगापास्कलची पकड असलेला १० चौरस मिलिमीटरचा ठिपका कागदोपत्री सुमारे २० किलोंचे वजन पेलेल. पण दोन-तीन मिलिमीटर व्यासाची चकती बाजूने ढकलून तोडणे आणि जेमतेम एक चौरस मिलिमीटर छेदाची काडी दोन्ही टोकांनी ओढून तोडणे, या दोन कसोट्या वेगळ्या आहेत. काडी इतकी लहान असते की तिच्यात बुडबुडा किंवा चीर सापडण्याची शक्यताही कमी, म्हणून तिचे आकडे वर जातात. त्यामुळे एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशेजारी मांडू नये. कंपन्यांची माहितीपत्रके नेमके हेच करतात, आणि तेही मोठ्या आनंदाने. नमुना चोवीस तासांनी तोडला की ५ आणि ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात हजारो वेळा बुडवून मग तोडला, हेही पाहावे. वाफाळत्या चहामागोमाग मस्तानी पिणाऱ्या शहरात दुसऱ्या प्रकारचा आकडा मला अधिक विश्वासाचा वाटतो.

८० टक्क्यांच्या निकषाचेही असेच आहे. व्हिकर्स किंवा नूप पद्धतीत हिऱ्याचे टोक ठरावीक भाराने दाबतात आणि उमटलेल्या ठशाचा कर्ण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. ठसा जितका लहान तितका पदार्थ कडक. नमुन्याचा तळ आणि माथा यांच्या कडकपणाचे गुणोत्तर काढले की प्रकाश खोलवर पोचला का हे कळते. पण दिवाच मंद असेल आणि नमुना पातळ असेल, तर माथा मऊ आणि तळही तितकाच मऊ राहील, आणि गुणोत्तर ९५ टक्के येईल! म्हणून गुणोत्तराशेजारी मूळ आकडा लिहिलाच पाहिजे. दोन वेगवेगळ्या सिमेंटांची तुलना करताना आणखी जपावे, कारण भुकटीचे प्रमाण वाढवले की कडकपणा आपोआप चढतो. रेझिन अधिक शिजले असे त्यावरून म्हणता येत नाही. आणि कडकपणा मोजायची आपली चकती मिलिमीटरभर जाडीची असेल, तर आयएसओ ४०४९ या मानकाला अपेक्षित असलेला सिमेंटचा थर ५० मायक्रोमीटरांपेक्षा जाड नसतो, हे निष्कर्ष लिहिताना विसरू नये.

प्रश्न : मागच्या दाढेवर झिरकोनियाची कॅप बसवताना डॉक्टरांनी दिवा दोन-तीन सेकंदच धरला. काम अर्धवट राहिले का? – सिंहगड रस्ता

उत्तर : बहुधा नाही. पहिले दोन-तीन सेकंद कडेने बाहेर आलेले सिमेंट जेलीसारखे घट्ट होऊन अखंड सोलून निघावे यासाठी असतात. त्यानंतर प्रत्येक बाजूने अधिक वेळ दिवा धरतात, तो धरला होता का ते विचारावे. झिरकोनिया या टणक पांढऱ्या सिरॅमिकमधून प्रकाश फारच थोडा पलीकडे जातो, म्हणून अशा कॅपसाठी केवळ प्रकाशावर घट्ट होणारे सिमेंट वापरत नाहीत. दोन नळ्यांतून एकत्र मिसळणारे सिमेंट घेतात, आणि अंधारात राहिलेला त्याचा भाग रासायनिक क्रियेने सावकाश घट्ट होतो. ही क्रिया पुढचे काही तास चालू राहते. पहिल्या दिवशी त्या बाजूने चिक्की किंवा तिळाची वडी चावू नये, असे सांगतात ते यासाठीच.

प्रश्न : दात ठणकत होता म्हणून मी आठवडाभर लवंगेचे तेल लावत होतो. हे ऐकताच डॉक्टरांनी त्या दिवशी सिमेंट लावायचे टाळले. तेलाचा आणि सिमेंटचा काय संबंध? – शनिवार पेठ

उत्तर : लवंगेच्या तेलातले युजेनॉल मुक्त मूलकांना टिपून घेते, आणि वर सांगितल्याप्रमाणे त्या मूलकांवाचून रेझिन गुंफले जात नाही. ते दातावर उरले असेल तर सिमेंट मऊ आणि पकड कमजोर राहण्याची भीती असते. तात्पुरत्या कॅपसाठी युजेनॉलयुक्त सिमेंट वापरले असल्यासही हीच काळजी घ्यावी लागते. आपल्या डॉक्टरांनी योग्य तेच केले. पुढच्या भेटीच्या आधी काही दिवस तेल बंद ठेवावे, शेवटचे कधी लावले ते त्यांना सांगावे, आणि ठणका तोवर थांबला नसेल तर सिमेंटच्या आधी त्याच्या कारणाचीच तपासणी करून घ्यावी.