नागपूरच्या उन्हाळ्यात मुलांची सुट्टी कमी खर्चात कशी घालवता येईल?

तुमची अडचण अशी दिसते: तुम्ही दोघंही नोकरीवर, मुलगा दहाचा, मुलगी सातची, घरी आजी आहेत. दोघांच्या उन्हाळी शिबिराची फी परवडत नाही आणि मुलं दिवसभर मोबाईल सोडत नाहीत. मी नागपुरातलाच, माझ्याकडेही दोन पोरं आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फीचं गणित बघा. शिबिरात लागणारे रंग, कागद, डिंक हे सगळं फार तर दोन-तीनशे रुपयांचं. बाकीचे पैसे आपण मोजतो ते कुणीतरी मोठं माणूस तीन-चार तास मुलांजवळ असतं म्हणून. म्हणजे आपल्याला साहित्य कमी पडत नाही, माणूस कमी पडतो. आणि माणूस वाटून घेता येतो.

आमच्या इमारतीत पाच घरांनी तेच केलं. सोमवार ते शुक्रवार एकेका घराचा एकेक दिवस, सकाळी सात ते साडेदहा. त्या घरातलं कुणीही चालतं: आजोबा, मावशी, बारावीची परीक्षा देऊन रिकामी बसलेली ताई. तुमच्याकडे आजी आहेत, पण सात-आठ पोरं एकट्या आजींच्या गळ्यात घालू नका. त्यांच्या दिवशी कॉलेजचं एखादं पोर मदतीला ठेवा. ज्या घरात सकाळी कुणीच नसतं त्यांनी शनिवार घ्यावा. शिकवण्याची सक्ती नाही, ज्याला जे येतं ते. कुणी बटण लावायला शिकवतं, कुणी सायकलचं पंक्चर काढून दाखवतं. नियम एकच ठेवा: नाश्ता साधा, पोहे किंवा उपमा. एका घरी पिझ्झा आला की पुढच्या दिवशी पोहे करणाऱ्याची पंचाईत होते.

वेळेच्या बाबतीत नागपूरचं ऊन ऐकून घेत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे अकरा ते पाच मुलं घरात. बिल्लस, डाबडुबली, लगोरी जे काय असेल ते सकाळी सावलीत नाहीतर सहानंतर. बाहेर निघताना खिशात कांदा आजी ठेवतीलच, पाण्याची बाटली तुम्ही द्या.

दुपारसाठी कूलरच्या खोलीत अष्टचंगपे हा सोंगट्यांचा खेळ सुरू करा. फरशीवर खडूने पाच बाय पाच चौकोनांचा पट आखायचा, चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि मध्यभागी फुली. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही. फाशांऐवजी चार अर्धे चिंचोके टाकायचे: जितके पांढरे वर तितकी घरं, चारही काळे पडले तर आठ. सोंगट्या म्हणून डाळीचे दाणे, बटणं, बांगडीचे तुकडे काहीही. खर्च शून्य, आणि सातची मुलगी दहाच्या भावाला हरवू शकते, हे भांडणाच्या घरात फार महत्त्वाचं. वाचणाऱ्या मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

तरी मधले दोन तास मोकळेच सोडा. ‘बोर होतंय’ म्हणतील, म्हणू द्या. आमची पोरं अशाच वेळात पलंगाखाली दुकान मांडतात.

आजी वाळवण घालत असतील तर ते शिबिरापेक्षा भारी. गहू तीन दिवस भिजणार, वाटून चीक निघणार, तो शिजणार, मग पहाटे गच्चीवर कुरोड्या. सोऱ्या दाबायला दहाचं पोर आणि कावळे हाकलायला सातचं. गरम चीक वाटीत मिळतो या आशेवर दोघंही न उठवता उठतात.

आता माझा सगळ्यात आवडता प्रकार, आणि तो आपल्या गावाला नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आयता मिळतो. २६ मेच्या सुमारास, दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास, नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच जिरते. तयारी मात्र मेच्या पहिल्या आठवड्यापासून हवी. गच्चीवर मीटरभराची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. दोरीला बांधलेला दगड ओळंबा म्हणून चालतो. रोज याच वेळेला, अकरा ते पाच घरात राहायच्या नियमाला फक्त पाच मिनिटांचा अपवाद करून, सावलीच्या टोकावर खडूची खूण आणि बाजूला तारीख. १० मेला सावली साधारण सहा सेंटिमीटर भरेल, उत्तरेकडे. रोज ती आखडत जाईल, २६ ला गायब, आणि जूनमध्ये चक्क दक्षिणेला पडायला लागेल. मुलांना पुस्तकातलं उत्तरायण एरवी पाठ करूनही कळत नाही, इथे ते खडूने स्वतः आखतात. डोक्याला ओला रुमाल बांधून जा, चपला घालायला विसरू नका, गच्ची तव्यासारखी तापलेली असते.

त्याच गच्चीवर रात्री ध्रुवतारा दाखवा. सप्तर्षी मेमध्ये उत्तरेला छान वर असतात, त्यांतले पहिले दोन तारे जोडून रेषा पुढे नेली की ध्रुव सापडतो. हात ताठ समोर धरून क्षितिजापासून मुठीवर मूठ रचायला सांगा. एक मूठ म्हणजे अंदाजे दहा अंश. ध्रुव दोन मुठींवर भेटेल, कारण नागपूरचा अक्षांश २१ आहे. पुण्या-मुंबईच्या मामाकडे गेलात तर तिथेही मोजायला लावा, थोडा खाली असतो.

बाहेर फिरणं मी मोजकंच ठेवतो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने एरवी बंद असतो, पण १ मेला महाराष्ट्र दिनी लोकांसाठी उघडतात. सकाळीच जा, मोठ्यांनी ओळखपत्र ठेवा. १८१७ ची भोसले-इंग्रज लढाई इथेच झाली, एवढं सांगितलं तरी पोरं बुरुजांकडे वेगळ्या नजरेने बघतात. अजब बंगला, म्हणजे १८६३ चं आपलं मध्यवर्ती संग्रहालय, स्वस्त आहे, मात्र सोमवारी बंद असतो. रमण विज्ञान केंद्रात तारांगणही आहे. जाणं मेट्रोने करा. मुलांना मेट्रो हीच सहल असते, सीताबर्डीला गाडी बदलायची म्हटलं की त्यांना परदेशात आल्यासारखं वाटतं. मॉलमध्ये ‘फक्त एसी खायला’ जाऊ नका, ते शेवटी शिबिरापेक्षा महाग पडतं.

मोबाईल पूर्ण बंद करण्याच्या फंदात पडू नका. आमच्याकडे साडेतीन ते साडेचार ठरलेला आहे, कारण तेव्हा आजीही झोपलेली असते आणि घराला शांतता हवी असते. वेळ ठरली की मागणं कमी होतं, भांडण फक्त साडेचारला होतं.

विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रानंतर उघडतात, त्यामुळे आपल्याला जूनमधले जादा दिवसही भरायचे असतात. म्हणून वरचं सगळं मेच्या पहिल्या पंधरवड्यातच संपवू नका. आणि शेजाऱ्यांशी बोलणी परीक्षा संपायच्या आधीच करा. गावाला जाणाऱ्यांच्या तारखा तेव्हाच कळतात आणि पाचातली दोन घरं एकाच आठवड्यात रिकामी होणार असतील तर सहावं घर शोधायला वेळ मिळतो.