कागदपत्रं पक्की असतील तर फेस स्कॅनला घाबरायचं कशाला?

तुम्ही विचारलंय की तुम्ही अमेरिकेत एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर आहात, व्हिसा, आय-नाइन्टीफोर (देशात आल्याची सरकारी नोंद), पेस्लिपा सगळं व्यवस्थित आहे, मग रस्त्यात आईसवाल्यांनी, म्हणजे इमिग्रेशनची धरपकड करणाऱ्या खात्याच्या लोकांनी, फोन समोर धरून चेहरा स्कॅन केला तर बिघडलं काय, उलट दोन मिनिटांत खरंखोटं होऊन सुटका होईल ना. हा प्रश्न आमच्या ओळखीतही बरेच जण विचारतात आणि विचारणं चुकीचं नाहीच, कारण आपल्याला वाटतं मशीन म्हणजे पक्षपात नाही, बघेल आणि खरं सांगेल. मी सहा वर्षं चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये काम केलंय, पोलिसांसाठी नव्हे, ऑफिसच्या गेटवर हजेरी लावतात तसल्या सिस्टिमसाठी, आणि त्या अनुभवावरून सांगते की कागद पक्के असले तरी हा प्रकार तुमच्यासाठी धोक्याचाच आहे.

आधी एक प्रसंग सांगते म्हणजे मुद्दा कळेल. आम्ही टीममधल्या सगळ्यांचे चांगले, समोरून काढलेले फोटो डेटाबेसमध्ये टाकले होते, त्यात टेस्टसाठीचे बाकीचे हजारो चेहरे. मग म्हटलं खऱ्या परिस्थितीत करून बघू. ऑफिसच्या जिन्यात गेलो, तिथे एकच ट्यूबलाइट, ती पण माझ्या पाठीमागे, सहकाऱ्याने फोन धरला, नेमकं कुणीतरी दार उघडलं म्हणून मी जरा मान वळवली आणि तेवढ्यात फोटो निघाला. स्क्रीनवर पाच चेहरे आले, प्रत्येकापुढे एक आकडा. पहिल्या नंबरवर जी बाई होती ती मी नव्हतेच. केसांचा भांग माझ्यासारखा, चेहऱ्याचा रंग साधारण माझ्यासारखा, बस एवढंच. आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो असतो तर लहान मुलानेही वेगळं ओळखलं असतं. मी स्वतः तिसऱ्या नंबरवर होते. त्या दिवशी आम्ही बग लिहिला आणि चहाला गेलो, कारण आमच्याकडे चूक झाली तर फार तर गेट उघडत नाही.

ह्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते सॉफ्टवेअर 'ही अमुकच आहे' असं कधी सांगतच नाही. ते फक्त आकडा देतं, किती सारखं दिसतंय त्याचा. कितीच्या वर आकडा गेला की 'मॅच' म्हणायचं हे माणूस ठरवतो, सेटिंगमध्ये एक पट्टी असते ती थोडी डावीकडे सरकवली की मॅच वाढतात आणि चुकाही वाढतात, उजवीकडे सरकवली की खरी माणसंही सुटतात. रस्त्यावर उभ्या असलेल्या एजंटला ती पट्टी दिसत नाही. त्याला दिसतं नाव.

आणि एअरपोर्टवर जे होतं ते वेगळं, ह्या दोन गोष्टींची लोक फार गल्लत करतात. एअरपोर्टवर तुम्ही पासपोर्ट देता, म्हणजे आधी तुम्ही सांगता मी कोण, मग मशीन पासपोर्टच्या फोटोशी किंवा त्या विमानातल्या प्रवाशांच्या छोट्या यादीशी हा चेहरा जुळतो का एवढंच बघतं, उजेड चांगला, कॅमेरा ठरलेल्या जागी, नाही जुळलं तर समोर ऑफिसर बसलेला असतो तो पासपोर्ट हातात घेऊन बघतो. रस्त्यावर तुमचा चेहरा घेऊन अख्ख्या डेटाबेसमध्ये शोधतात की हा कोण असेल. आता साधा हिशोब करा. समजा सिस्टिम इतकी चांगली आहे की दहा लाख परक्या चेहऱ्यांमागे एकदाच चुकते. ऐकायला भारी वाटतं ना. पण डेटाबेस २० कोटी फोटोंचा असेल तर एका शोधात २०० चुकीचे चेहरे जुळू शकतात. डेटाबेस जितका मोठा तितके तुमच्यासारखे दिसणारे लोक त्यात जास्त.

२० कोटी हा आकडा मी हवेतून घेतला नाहीये. आईसच्या फोनमध्ये मोबाईल फोर्टिफाय नावाचं ॲप आहे हे जून २०२५ मध्ये ४०४ मीडिया ह्या बातम्यांच्या साइटने बाहेर काढलं, आणि ते साधारण २० कोटी फोटोंच्या साठ्याशी चेहरा ताडून बघतं असं त्यांच्या हाती आलेल्या कागदपत्रांत होतं. मागे जी यंत्रणा वापरतात ती मुळात सीबीपीने, म्हणजे सीमा आणि एअरपोर्टवर तपासणी करणाऱ्या खात्याने, प्रवाशांसाठी उभी केलेली, म्हणजे एअरपोर्टवर आपण सगळे ज्या कॅमेऱ्यासमोर उभे राहतो तीच. विमानातून उतरताना दिलेला फोटो पुढे जाऊन रस्त्यावरच्या चौकशीत वापरला जाईल असं तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं होतं का? शिवाय सरकारच्याच कागदात लिहिलंय की ह्या स्कॅनला नकार द्यायची सोय नाही आणि काढलेला फोटो १५ वर्षं ठेवतात, मग समोरचा माणूस अमेरिकन नागरिक असला तरी.

आता तुमच्या 'कागद पक्के आहेत' ह्या मुद्द्याचं. हाऊस म्हणजे अमेरिकन संसदेच्या खालच्या सभागृहाच्या होमलँड सिक्युरिटी कमिटीवरचे मुख्य डेमोक्रॅट बेनी थॉम्पसन ह्यांनी २०२५ मध्ये सांगितलं की आईसच्या अधिकाऱ्यांनी त्यांना असं कळवलंय की ॲपचा मॅच हा माणसाच्या स्टेटसबद्दल अखेरचा निर्णय धरतात, आणि समोरच्याने बर्थ सर्टिफिकेट दाखवलं तरी एजंट ते बाजूला ठेवू शकतो. हे वाचून मी खरंच सुन्न झाले. कारण मला माहितीये तो 'मॅच' कसा बनतो. जिन्यातला अंधार, वळलेली मान, आणि एक पट्टी कुठे सरकवलीये त्यावर. बर्थ सर्टिफिकेटची ही गत असेल तर आपल्या आय-सेव्हन-नाइन्टी-सेव्हनच्या (एच-वन-बी मंजुरीच्या कागदाच्या) झेरॉक्सला कोण विचारतो.

ही नुसती भीती नाहीये. ऑरेगॉनमध्ये एका बाईला पकडलं, तिचा चेहरा ह्याच ॲपने दोनदा स्कॅन केला आणि दोन वेळा दोन वेगळी नावं आली, दोन्ही चुकीची. हे कोर्टातल्या साक्षीतून पुढे आलं म्हणून आपल्याला कळलं. अशी किती प्रकरणं कोर्टापर्यंत जातच नसतील ह्याचा विचार करा, कारण जानेवारी २०२६ मध्ये इलिनॉय राज्य आणि शिकागो शहराने केंद्र सरकारवर जो खटला भरला त्यात म्हटलंय की हे ॲप लाखावर वेळा वापरलं गेलंय.

पोलिसांच्या बाबतीत हा धडा देशाने आधीच घेतलेला आहे खरं तर. डेट्रॉइट पोलिसांनी रॉबर्ट विल्यम्स नावाच्या माणसाला जानेवारी २०२० मध्ये घरासमोर, बायको आणि दोन लहान मुलींच्या देखत अटक केली, का तर दुकानातल्या घड्याळचोरीच्या धूसर व्हिडिओशी त्याच्या जुन्या लायसन्सचा फोटो सॉफ्टवेअरने जुळवला होता. माणूस चोर नव्हताच. २०२४ मध्ये शहराने तीन लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि नियम केला की नुसत्या फेस मॅचवर किंवा त्याच्या पाठोपाठ दाखवलेल्या फोटोंच्या ओळखपरेडवर अटक करायची नाही. विल्यम्सला निदान वकील होता, तिथेच जवळ घर होतं, कोर्टात उभं राहायला वेळ होता. इमिग्रेशन डिटेन्शनमध्ये सरकार फुकट वकील देत नाही, आणि तुम्हाला एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यातल्या सेंटरमध्ये कधी हलवतील ह्याचा नेम नसतो. तोवर इकडे नोकरीवर गैरहजेरी लागते, एच-वन-बीवाल्याचं तर सगळं त्या नोकरीवरच लटकलेलं असतं.

आणि चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. निस्ट ही इथली सरकारी मोजमाप संस्था, तिने २०१९ मध्ये १८९ अल्गोरिदम, म्हणजे चेहरा जुळवणारे प्रोग्रॅम, तपासले, त्यात बऱ्याच अल्गोरिदममध्ये गोऱ्या चेहऱ्यांच्या तुलनेत आशियाई आणि आफ्रिकन-अमेरिकन चेहऱ्यांना चुकीचं जुळवण्याचं प्रमाण १० ते १०० पट निघालं. बायकांच्या बाबतीत पुरुषांपेक्षा जास्त. दक्षिण आशियाई चेहऱ्यांत पूर्व युरोपियनांपेक्षा जास्त. सॉफ्टवेअर त्यानंतर बरंच सुधारलंय हे मी मान्य करते, काही तर तेव्हाही चांगले होते, पण ते आकडे चांगल्या फोटोंवरचे असतात, धावपळीत काढलेल्या फोटोंवरचे नाहीत. सीबीपीचंच आधीचं सीबीपी वन ॲप आठवा, २०२३ मध्ये आश्रय मागणाऱ्यांना अपॉइंटमेंटसाठी त्यात स्वतःचा फोटो काढावा लागायचा आणि हैती, आफ्रिकेतल्या लोकांचे चेहरे ते ॲप घेतच नव्हतं, चेहऱ्यावर प्रखर दिवे मारून फोटो काढायची वेळ आली होती लोकांवर. त्यात स्कॅनसाठी थांबवतात कुणाला हा प्रश्न आहेच. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने लॉस एंजेलिसच्या केसमध्ये खालच्या कोर्टाची मनाई स्थगित केली, ती मनाई अशी होती की नुसता वंश, भाषा, जागा किंवा कामाचा प्रकार बघून लोकांना अडवायचं नाही. म्हणजे आधी रंग बघून थांबवणार आणि मग ज्या रंगाच्या चेहऱ्यांवर मशीन जास्त चुकतं त्याच चेहऱ्यांवर ते चालवणार.

अजून एक, पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, चेहऱ्याचं काय करणार. २०१९ मध्ये सीबीपीच्या एका कंत्राटदाराकडून प्रवाशांचे जवळजवळ १,८४,००० फोटो फुटले होते, त्यातले काही डार्क वेबवर गेले. आता तर २६ डिसेंबर २०२५ पासून देशात येताना-जाताना नागरिक नसलेल्या प्रत्येकाचा फोटो घ्यायचा नियम लागू झालाय, लहान मुलं आणि म्हातारी माणसं ह्यांना आधी सूट होती ती पण काढली, आणि हे फोटो ७५ वर्षांपर्यंत ठेवणार. तुमची आई सहा महिन्यांसाठी नातवंडांकडे आली तरी तिचा चेहरा त्या साठ्यात.

मग करायचं काय. मी वकील नाही, पण आमच्या इथल्या लीगल क्लिनिकमध्ये शनिवारी मदत करते, तिथे वकील लोकांना जे सांगतात ते सांगते. १८ वर्षांवरच्या नागरिक नसलेल्या माणसाने आय-नाइन्टीफोर किंवा ग्रीन कार्ड जवळ ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, तेव्हा ते ठेवा, फोनमध्येच नको, कागदावर ठेवा. थांबवलं तर शांतपणे 'मी जाऊ शकतो का' असं विचारा. गप्प राहायचा हक्क तुम्हालाही आहे, पण खोटं बोलू नका, हिसकाहिसकी करू नका. स्कॅनला तुमची संमती नाही हे तोंडाने स्पष्ट बोला, ते थांबणार नाहीत कदाचित, पण पुढे वकिलाला ते उपयोगी पडतं. फोन समोर धरून फोटो काढला की नाही, किती वाजता, कोणत्या खात्याचे लोक होते, हे सुटल्यावर लगेच लिहून ठेवा, कारण ॲपने काय दाखवलं ह्याची नोंद मागायची असेल तर वकिलाला नेमकी वेळ आणि जागा लागते.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांसाठी खास. डिटेन्शनमधला माणूस शोधायला आईसचं ऑनलाइन लोकेटर आहे, त्यात ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला नोंदणी क्रमांक) टाकायचा किंवा नाव आणि जन्मदेश. एच-वन-बीवाल्यांकडे बऱ्याचदा ए-नंबर नसतोच, म्हणजे नावावरच शोधायचं, आणि नावाचं स्पेलिंग त्यांच्या रेकॉर्डशी तंतोतंत जुळावं लागतं. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव घुसलेलं असतं, आय-नाइन्टीफोरवर कधी ते येतं कधी नाही, कधी दोन नावं जोडून एकच शब्द होतो. तेव्हा घरातल्या प्रत्येकाचं नाव पासपोर्ट, व्हिसा आणि आय-नाइन्टीफोर ह्या तिन्हीवर कसं छापलंय ते एका कागदावर अक्षरशः तसंच उतरवा, खाली जन्मतारीख, वकिलाचा नंबर, आणि तो कागद बायकोकडे किंवा जवळच्या मित्राकडे देऊन ठेवा. आमच्या घरी तो फ्रिजच्या बाजूला लावलेला आहे.