इंजिनच्या हेडचं काम झाल्यावर व्हॉल्व्ह स्प्रिंग कोणती घ्यावी?

तुमच्या हेडच्या सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडा) कापून झाल्यात, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जरा जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, टाकताय, आणि विचारताय की मिळेल ती सगळ्यात कडक डबल स्प्रिंग (एकीच्या आत दुसरी) घ्यावी का. नका घेऊ. आधी मोजा, स्प्रिंग नंतर.

सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसतो आणि त्याची दांडी तेवढीच वर निघते. रिटेनर (स्प्रिंगच्या डोक्यावरची चकती) वर जातो, स्प्रिंग कमी दबते. समजा तिचा रेट, म्हणजे दर मिमी दाबल्यावर वाढणारा दाब, ३० न्यूटन प्रति मिमी आहे आणि ४० मिमी उंचीवर ती व्हॉल्व्ह २५० न्यूटनने दाबून धरते. उंची ४१ झाली की दाब उरला २२०. मग स्प्रिंग कोरी असूनही वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडतो आणि लोक तिलाच नावं ठेवतात! स्प्रिंगखाली १ मिमीची शिम (पातळ चकती) घातली की काम झालं. म्हणून रिटेनर आणि त्याला दांडीवर धरून ठेवणारी लॉक बसवा, रिटेनर वर ओढून धरा आणि प्रत्येक व्हॉल्व्हवर स्प्रिंगला मिळणारी उंची वेगळी मोजा. एकावरून सगळ्यांचा अंदाज बांधू नका.

मग लिफ्ट. रॉकर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हवर पोचवणारा आडवा दांडा) असेल तर त्याचं गुणोत्तर धरून व्हॉल्व्हवर प्रत्यक्ष मिळते ती. ती ९ मिमी असेल तर ४० मधून ९ गेले, ३१ राहिले, दाब झाला ५२०. वेढे २८ ला एकमेकांना टेकत असतील तर ३ मिमी मोकळे आहेत, छान. दीड मिमीपेक्षा कमी मी ठेवत नाही. पूर्ण लिफ्टला रिटेनर गाइडच्या (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीच्या) सीलवर आपटत नाही ना, हेही तेव्हाच बघा. हे फार जणांकडून राहतं आणि नवं सील फाटतं.

दाब किती हवा हे कॅम बनवणाऱ्याच्या कागदावर असतं, बंद आणि उघड्या व्हॉल्व्हचे दोन्ही आकडे. तेच धरा. त्याहून कडक स्प्रिंगने ताकद वाढत नाही, कॅमचे लोब (उंचवटे) आणि त्यांवर टेकणारे टॅपेट मात्र झिजतात. सपाट टॅपेट असतील तर नवा कॅम पहिल्या अर्ध्या तासातच खराब होऊ शकतो. डबल स्प्रिंग घ्यावीच लागली तर त्या पहिल्या अर्ध्या तासापुरती आतली काढून ठेवा.

जुन्या वापरायच्या असतील तर गुण्याला (काटकोनी पट्टीला) लावून फिरवून बघा. एखादी कललेली किंवा बाकीच्यांपेक्षा आखूड निघाली तर पूर्ण सेट बदला.